लीड की लेड

गेली सहा वर्षे मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके आणि संदर्भाचे लेख मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून देते. हे काम मी मनापासून करते, म्हणूनच त्यात हातून झालेली एक चूक मला अजून सलते. ती चूक एका चार अक्षरी इंग्रजी शब्दाची होती. एल, ई, ए, डी ही त्याची अक्षरे. त्यांचा उच्चार ‘लीड’ असा होतो आणि ‘लेड’ असाही होतो. पहिल्या उच्चाराला पुढे नेणे, आघाडी, सुगावा, तार, प्रमुख भूमिका असे अनेक अर्थ आहेत. दुसऱ्याचा अर्थ शिसे, म्हणजे 82 अणुक्रमांकाचा तो जड, मऊ, करडा धातू. कागदावर मात्र या दोघांत काडीचाही फरक नाही.

मी वाचत होते ते प्रकरण पिण्याच्या पाण्याविषयी होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या शहराने एप्रिल 2014 मध्ये आपल्या पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली आणि ते करताना नळांची आतून होणारी झीज रोखणारे रसायन पाण्यात मिसळले नाही. त्यामुळे जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीतून फुटून घरापर्यंत येणाऱ्या लहान नळाला तिकडे ‘सर्व्हिस लाइन’ म्हणतात, आणि तो नळ शिशाचा असेल तर त्याला ‘लेड सर्व्हिस लाइन’ म्हणतात. हा शब्दप्रयोग त्या प्रकरणात 17 वेळा आला होता आणि सतराही वेळा मी तो ‘लीड सर्व्हिस लाइन’ असा वाचला. त्याच प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर ‘लीड एजन्सी’ असा उल्लेख होता, म्हणजे अनेक सरकारी खात्यांपैकी ज्याच्याकडे कामाची मुख्य जबाबदारी असते ते खाते. तिथे ‘लीड’ हाच उच्चार योग्य होता. तो जिभेवर बसला, रात्र बरीच झाली होती, आणि मी त्याच आवाजात पुढे वाचत गेले.

दोन आठवड्यांनी ते प्रकरण ऐकलेल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, रस्त्याखालची जी मोठी मुख्य वाहिनी असते ती लीड लाइन, आणि शिसं तिच्यातूनच येत होतं, असं मी उत्तरात लिहिलंय. बरोबर आहे ना?” मला क्षणभर काही उमगेना. मग लक्षात आले की तिने जे ऐकले होते त्याचा तिने अगदी रास्त अर्थ लावला होता. ‘लीड’ म्हणजे मुख्य, तेव्हा ‘लीड लाइन’ म्हणजे मुख्य वाहिनी. तिच्या तर्कात कुठेही खोट नव्हती. खोट माझ्या आवाजात होती, आणि त्या एका स्वराने वस्तुस्थिती अगदी उलटी झाली होती, कारण शिसे येत होते ते मोठ्या वाहिनीतून नव्हे, तर तिच्यापासून घराकडे जाणाऱ्या लहान शाखेतून. मी निरर्थक काही वाचले असते तर तिने लगेच विचारले असते. मी चुकीचे पण अर्थपूर्ण वाचले, म्हणून तिला शंका आली नाही.

ते प्रकरण मी पुन्हा संपूर्ण वाचून दिले. त्यानंतर हा शब्द जिथे दिसेल तिथे थांबण्याची मला सवय लागली.

आपण मराठी वाचायला शिकतो तेव्हा आधी आवाज येतो आणि मागून अर्थ येतो. पहिली-दुसरीतले मूल ज्याचा अर्थ त्याला ठाऊक नाही असा शब्दही अक्षर लावून ठणठणीत वाचून दाखवते. देवनागरीची ही देणगी इतकी अंगवळणी पडलेली असते की इंग्रजी वाचतानाही आपण हीच वाट धरतो: आधी उच्चार करू, मग अर्थ पाहू. ‘लीड–लेड’ या शब्दापाशी ही वाट बंद होते. इथे अर्थ कळल्यावाचून तोंडच उघडता येत नाही. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण मनातल्या मनात वाचताना उच्चार अर्धवट सोडून पुढे सरकता येते. मोठ्याने वाचणाऱ्याला मात्र निर्णय घ्यावाच लागतो, आणि तोही वाक्य संपण्यापूर्वी, कारण शब्द वाक्याच्या सुरुवातीला असतो आणि खुलासा शेवटी.

अर्थात मराठीतही हे अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. च, ज आणि झ या अक्षरांचे आपल्याकडे दोन दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण ते वेगळे दाखवत नाही. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी एका उच्चाराने येतो आणि ‘तू जग’ असे कुणाला सांगताना दुसऱ्या उच्चाराने. ‘जरा थांब’ मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज वेगळा. ‘चार’ हा आकडा आणि ‘गाईला चार’ ही आज्ञा यांचे लेखन एकच असते, पण मराठी माणूस त्यांत सहसा गफलत करत नाही. आपणही अर्थावरूनच उच्चार ठरवत असतो. ते लहानपणापासून कानांनी शिकलेले असल्याने त्यामागचा विचार आपल्याला दिसत नाही, इतकेच. परक्या भाषेत तो दिसतो, कारण तिथे कान आधी तयार झालेला नसतो. मराठी शिकणाऱ्या अमराठी माणसाला ‘जग’ शब्दापाशी असेच अडखळताना मी पाहिले आहे, आणि माझ्या चुकीनंतर त्याच्याविषयी मला अधिक आपुलकी वाटू लागली.

दोन निराळे शब्द एकाच वेशात कसे आले, हे समजून घेतल्यावर माझी चिडचिड बरीच कमी झाली. ते मुळात एकमेकांचे कोणीही नव्हते. नेणे या अर्थाचे क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘लॅडन’च्या जवळपास उच्चारले जाई, आणि ते प्रवास करणे, जाणे अशा अर्थाच्या दुसऱ्या एका क्रियापदाचे प्रयोजक रूप होते. म्हणजे आपल्याकडे ‘चालणे’वरून ‘चालवणे’ होते, त्याच जातीची ही घडण. ‘लीड’ म्हणजे जायला लावणे. धातूचे नाव मात्र बहुधा केल्टिक भाषांतून आलेले आहे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत या दोन्ही शब्दांतील स्वर एकच झाला, एक लांब, उघडा ‘ए’. त्या काळी दोन्ही शब्द कानालाही सारखेच लागत. त्या स्वरासाठी ई आणि ए ही अक्षरजोडी रूढ झाली. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यानंतरच्या दोन शतकांत इंग्रजी शुद्धलेखन हळूहळू गोठत गेले, पण बोलणे गोठले नाही. नेमक्या त्याच काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून वर सरकत होते. क्रियापदातला स्वर वर चढत ‘ई’पर्यंत पोहोचला. धातूच्या नावातला स्वर त्याआधीच आखूड झाला होता, जसा तो ब्रेड, हेड, डेड या शब्दांत झाला, त्यामुळे तो त्या प्रवासाला गेलाच नाही. उच्चार वेगळे झाले आणि लेखन होते तिथेच राहिले.

या एका माहितीने मला किती हलके वाटले हे सांगणे कठीण आहे. शाळेत आम्हाला सांगितले जाई की इंग्रजी स्पेलिंगला काही नियम नसतो, ते पाठच करावे लागते. ते खरे नाही. स्पेलिंग हा जुन्या उच्चाराचा ठसा असतो. माणूस निघून गेल्यावर ओल्या सिमेंटवर पाऊल उमटून राहावे, तसा. शाळेत हे कुणी पाच मिनिटे सांगितले असते तर पाठांतराचा कंटाळा निम्मा झाला असता, असे मला आजही वाटते.

याच क्रियापदाचे भूतकाळी रूप एल, ई, डी असे तीनच अक्षरांत लिहितात आणि त्याचा उच्चार ‘लेड’ होतो. म्हणजे ‘तिने नेले’ यातील क्रियापद आणि ‘शिसे’ हे नाम ऐकायला एकसारखे आणि लिहायला वेगळे, तर ‘मी नेते’ यातील क्रियापद आणि ‘शिसे’ हे लिहायला एकसारखे आणि ऐकायला वेगळे. इंग्रजी लिहिणारे अनेक जण, ज्यांची ती मातृभाषा आहे असेसुद्धा, भूतकाळ लिहिताना चारही अक्षरे लिहून जातात. याचे एक कारण ‘रीड’ हे क्रियापद आहे. वाचणे या अर्थाच्या त्या शब्दाचा भूतकाळ उच्चारात ‘रेड’ होतो, पण लेखनात तसाच राहतो. हात त्या सवयीने चालतो. संगणकातील शुद्धलेखन तपासणारी सोय ही चूक सहसा पकडत नाही, कारण लिहिलेला शब्द कोशात आहेच. फक्त वाक्यात नेण्याच्या जागी शिसे येऊन बसलेले असते. त्यातच हल्ली दिव्यांच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेली एल-ई-डी ही आद्याक्षरे आली. त्यांचा या दोन्ही घराण्यांशी संबंध नाही आणि ती सुटी सुटी उच्चारायची असतात, एवढे सांगितले की पुरे.

‘लीड’च्या बाजूचे अर्थ मोजायला बसले तेव्हा आधी मला ती नुसती गर्दी वाटली. शर्यतीतली आघाडी, पहिल्या डावात मिळालेल्या जादा धावा, मतमोजणीतील मताधिक्य, नाटकातील प्रमुख भूमिका, पोलिसांच्या हाती लागलेला सुगावा, विक्री करणाऱ्याला मिळालेला संभाव्य गिऱ्हाइकाचा पत्ता, पत्त्यांच्या डावातील उतारी, कुत्र्याच्या गळपट्ट्याला लावायची दोरी, विजेची तार, ध्रुवप्रदेशातील समुद्रावरच्या बर्फात जहाज जाण्याजोगी उघडलेली पाण्याची वाट. मराठीत यांतल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे किंवा वेगळे सांगावे लागते. पण थोडा वेळ त्या यादीकडे पाहिले की एक दृश्य वर येते: कुणीतरी पुढे आहे, कुणीतरी मागे आहे, आणि मधे ओढ आहे. दोरी कुत्र्याला नेते, तार विजेला नेते, सुगावा तपासाला नेतो, उतारीचे पान बाकीच्या तिघांना आपल्या रंगाकडे नेते, बर्फातली वाट जहाजाला नेते. पंधरा अर्थ पाठ करण्याऐवजी ‘जायला लावणे’ हा एकच अर्थ घट्ट धरला तर बाकीचे आपोआप त्याच्या मागे येतात. ‘लेड’च्या बाजूला असे नाही. तिथे कल्पना नाही, वस्तू आहे. एक जड धातू, आणि माणसाने त्याचे जे जे केले ते ते: नळ, छपराचे पत्रे, बंदुकीची गोळी, ओळंबा, पाण्याची खोली मोजण्याचे वजन, बॅटरीतील पट्ट्या, रंगातील भुकटी, पेट्रोलमध्ये मिसळलेले विष. एका बाजूला क्रियेच्या फांद्या आणि दुसऱ्या बाजूला वस्तूचे उपयोग, असा हा भेद मनात पक्का झाल्यापासून मोठ्याने वाचताना माझे अडखळणे खूप कमी झाले आहे.

ही दोन घराणी जिथे एकाच खोलीत येतात अशा जागा मी तेव्हापासून जमवत असते. सर्वांत जवळून पाहिलेली जागा म्हणजे एक रुग्णालय. माझ्या वडिलांना पेसमेकर बसवायचा होता. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत शिरेतून एक बारीक, आवरण असलेली तार हृदयापर्यंत सरकवतात. तिचे नाव ‘लीड’. ती सरकवताना क्ष-किरणांपासून रक्षण व्हावे म्हणून खोलीतील माणसे शिसे घातलेला जड एप्रन चढवतात आणि गळ्यालाही तसाच पट्टा बांधतात. त्याला तिथली माणसे नुसते ‘लेड’ म्हणतात. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडे असताना आतून कुणीतरी बाहेरच्या तरुण मुलाला हाक मारून म्हणाले, “लेड घातल्याशिवाय आत येऊ नकोस.” सव्वा तासाने डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या खांद्यावर तो निळा एप्रन तसाच होता, कपाळावर घाम होता, आणि ते म्हणाले, “लीड छान बसलीय, काळजी करू नका.” वडिलांच्या छातीत गेली ती एक, डॉक्टरांच्या छातीवर होता तो दुसरा. नंतर हाती आलेल्या इंग्रजी अहवालात हे दोन्ही शब्द आले असते तर दोन्ही त्याच चार अक्षरांत छापले गेले असते. हृदयाचा आलेख काढतात तेव्हाही ‘ट्वेल्व्ह लीड’ म्हणतात, पण तिथे 12 तारा शोधू नयेत. अंगावर चिकटवतात ते विद्युतअग्र 10 असतात, आणि त्यांच्या वेगवेगळ्या जोडण्यांतून हृदयाकडे पाहण्याचे 12 कोन मिळतात. त्या प्रत्येक कोनाला ‘लीड’ म्हणतात.

दुसरी जागा म्हणजे खाणी. खाणकामाच्या इंग्रजीत खनिजाच्या शिरेलाही ‘लीड’ म्हणतात, कारण तिच्या मागोमाग गेले की धातूपर्यंत पोहोचता येते. ऑस्ट्रेलियात लाव्हा आणि गाळाखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नद्यांच्या सोने असलेल्या पात्रांना ‘डीप लीड’ म्हणत आले आहेत. म्हणजे खाणीच्या एखाद्या जुन्या कागदावर ही चार अक्षरे दिसली तर तिथे शिसे सापडले की शीर सापडली, हे पुढच्या ओळी वाचल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतील दोन गावांच्या नावांत हा पेच कायमचा कोरला गेला आहे. कोलोराडो राज्यात सुमारे 3,100 मीटर उंचीवर ‘लेडव्हिल’ नावाचे गाव आहे. तिथे चांदी असलेले शिशाचे खनिज निघत असे, म्हणून ते लेड. साउथ डकोटा राज्यात नुसते ही चार अक्षरे मिरवणारे गाव आहे, आणि त्याचा उच्चार ‘लीड’ आहे, कारण तिथे सोन्याची शीर सापडली होती. त्या गावातली होमस्टेक ही खोल सोन्याची खाण 2002 मध्ये बंद झाली. तिच्याच पोटात रेमंड डेव्हिस यांनी 1960 च्या दशकात सूर्यातून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मोजण्याचा प्रयोग मांडला होता, आणि त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेही 2002 मध्येच. नकाशावर ही दोन गावे पाहणाऱ्या परक्या माणसाने दोन्ही नावे बरोबर वाचायची असतील तर जमिनीखाली काय सापडले होते हे त्याला ठाऊक असावे लागते. लंडनचा लेडनहॉल स्ट्रीटही याच रांगेतला. शिशाचे छप्पर असलेल्या एका जुन्या वाड्यावरून हे नाव आले. ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर होते, त्यामुळे कंपनीच्या काळाविषयीच्या लेखनात ते पुन्हा पुन्हा भेटते. आपल्याकडे ते ‘लीडनहॉल’ असे वाचलेले मी दोनदा ऐकले आहे.

तिसरी जागा छापखाना, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे. खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, जुळवून छपाई होत असे त्या काळी ते खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत, आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा राहावी म्हणून जुळारी त्यांच्यामध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या सरकवत असे. त्यावरून ओळींमधील अंतराला ‘लेडिंग’ हे नाव पडले. आज अक्षरजुळणी संगणकावर होते, शिसे केव्हाच गेले, पण नाव टिकले आहे. पडद्यावर ते दिसते तेव्हा पुष्कळ जण त्याचा उच्चार ‘लीडिंग’ करतात, कारण तो शब्द त्यांनी डोळ्यांनीच शिकलेला असतो. मी त्यांना दोष देत नाही. पण एखाद्या तरुण सहकाऱ्याला त्या पट्ट्यांविषयी सांगितले की तो शब्द त्याच्या तोंडून पुन्हा चुकत नाही, हे मी अनुभवले आहे. उच्चार सुधारण्यासाठी मी फक्त वस्तू दाखवली होती. अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातमीच्या पहिल्या परिच्छेदालाही ‘लीड’ म्हणतात, आणि तो शब्द शिशाच्या पट्ट्यांशी मिसळू नये म्हणून तिथे त्याचे स्पेलिंग मुद्दाम बदलून एल, ई, डी, ई असे केले गेले, असे सांगतात. ‘लेड झेपेलिन’ या इंग्लिश बँडनेही आपल्या नावातले ए हे अक्षर काढून टाकले ते लोकांनी ‘लीड’ म्हणू नये याच कारणासाठी. ज्यांना एका उच्चारावर ठाम राहायचे होते त्यांना अखेर स्पेलिंगलाच हात घालावा लागला.

आणि पेन्सिल. तिच्या आतल्या काळ्या कांडीला इंग्रजीत ‘लेड’ म्हणतात, पण तिच्यात शिसे नसते आणि कधी नव्हतेही. इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला. तो काळा, मऊ, कागदावर ओढला की रेघ उमटवणारा पदार्थ शिशाचाच एक प्रकार आहे असे लोकांना वाटले, म्हणून त्याला ‘काळे शिसे’ म्हणू लागले. कॉनराड गेसनर या निसर्गअभ्यासकाने 1565 मध्ये लाकडी नळीत बसवलेल्या अशा लेखणीचे वर्णन केले आहे. कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने 1779 मध्ये हा पदार्थ कार्बनचे रूप आहे हे दाखवले आणि दहा वर्षांनी आब्राहम वेर्नर याने त्याला लिहिणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ग्रॅफाइट’ हे नाव दिले. नाव बदलले, पण लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. आणि ते आपल्याकडेही आले: ‘शिसपेन्सिल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. अडीचशे वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली युरोपातली एक चूक मराठीत भाषांतर होऊन नांदते आहे. मी हा शब्द लहानपणापासून वापरत आले, पण त्यातले ‘शिस’ म्हणजे शिसे, हे मला फ्लिंटचे ते प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना प्रथम जाणवले.

शिशाचे लॅटिन नाव ‘प्लंबम’. त्याचे रासायनिक चिन्ह पी-बी हे त्यावरूनच आले, नळ बसवणाऱ्याला ‘प्लंबर’ म्हणतात तेही त्यावरूनच, आणि गवंड्याच्या ओळंब्याचे इंग्रजी नावही त्याच्याचपासून. रोमन लोक शिशाचे नळ वापरत, पण मातीच्या नळातले पाणी शिशाच्या नळातल्यापेक्षा आरोग्याला चांगले असे त्यांच्यातल्याच व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. आज जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यातील शिशाविषयीचे मार्गदर्शक मूल्य दर लिटरला 10 मायक्रोग्रॅम इतके अल्प आहे. शिसे मिसळलेले मोटारींचे पेट्रोल जगातून पूर्णपणे जायला 2021 उजाडावे लागले. हे सगळे मी त्या विद्यार्थिनीला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे ताई, हा शब्द नीट ऐकू येणं गरजेचं आहे.” तिला इतर कुणापेक्षाही ते अधिक गरजेचे होते, कारण पान उलटून स्पेलिंग पाहण्याची सोय तिला नव्हती, आणि असती तरी या शब्दाच्या बाबतीत स्पेलिंगने तिला काहीच सांगितले नसते.

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी यंत्रेही या शब्दापाशी अडखळतात. त्यांना अर्थ कळत नाही, म्हणून शेजारचे शब्द पाहून अंदाज बांधायला त्यांना शिकवले जाते: जवळपास जस्त, तांबे, रंग, नळ, विषबाधा असे काही असेल तर लेड, घेतली, गमावली, संघ, गुण असे काही असेल तर लीड. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. पण ‘लीड एजन्सी’ आणि ‘लेड सर्व्हिस लाइन’ एकाच पानावर आले की यंत्राचेही माझ्यासारखेच होते. माणसाची उजवी बाजू एवढीच की चूक कळल्यावर तो पुढच्या वेळी थांबू शकतो.

आता कोणताही इंग्रजी मजकूर वाचण्याआधी मी तो एकदा डोळ्यांखालून घालते आणि जिथे जिथे ही चार अक्षरे येतात तिथे वर समासात शिसपेन्सिलीने देवनागरीत ‘ली’ किंवा ‘ले’ लिहून ठेवते. एवढ्याने काम भागते. देवनागरीत लिहायचे तर अर्थाचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. आपली लिपी टाळाटाळ करू देत नाही. मागच्या महिन्यात मात्र एक इंग्रजी रहस्यकथा वाचायला आली. तिचे शीर्षक म्हणजे नेमकी ही चार अक्षरे, आगापिछा काही नाही. मी कथा शेवटपर्यंत वाचली. भिंतीत रुतलेली एक शिशाची गोळी सापडते आणि तपासाला मिळालेला सुगावाही तोच असतो. लेखकाला दोन्ही अर्थ हवे होते आणि छापील पानावर त्याला दोन्ही मिळाले होते. माझ्या आवाजात मात्र एकच मावत होता. ‘लीड’ म्हटले तर गोळी गेली, ‘लेड’ म्हटले तर सुगावा गेला. समासात काय लिहावे हे दोन दिवस ठरले नाही. तिसऱ्या दिवशी मी ध्वनिमुद्रण सुरू केले, कथेचे नाव असे म्हटले, आणि एकेक अक्षर सावकाश उच्चारले: एल, ई, ए, डी.